टीआरएफ-२ प्रथिन

मानवी गुणसूत्रांच्या टोकांचे संरक्षण करणारे एक प्रथिन. गुणसूत्राच्या टोकाशी असलेल्या टेलोमिअर या भागाला ते बद्ध होते. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेने हे टोक तुटलेले समजून दुसऱ्या टोकाशी जोडू नये, अशी व्यवस्था राखणे हे त्याचे मुख्य कार्य होय. त्याचा जीन मानवाच्या सोळाव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर असतो [⟶ गुणसूत्र].

कोशिकेतील डीएनए रेणू कोठे तुटला, तर तुटलेली टोके सांधणारी प्रथिने तेथे त्वरित जमतात. परंतु रेखाकार गुणसूत्राला मुळातच दोन टोके असतात. ही नैसर्गिक टोके व तुटल्याने झालेली टोके यांत कोशिका भेद कसा करते, हा मूलभूत प्रश्न आहे. एच. जे. मलर यांनी फळमाशीवर क्ष-किरणांचे प्रयोग करून नैसर्गिक टोकांना विशेष गुणधर्म असल्याचे दाखविले व १९३८ मध्ये त्यांना टेलोमिअर हे नाव दिले. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यात तुटलेली टोके परस्परांशी जुळतात, असे आढळले.

मानवी टेलोमिअरमध्ये थायमीन-थायमीन-ॲडेनीन-ग्वानीन-ग्वानीन-ग्वानीन हा सहा क्षारकांचा क्रम हजारो वेळा आलेला असतो (१९८८). टीआरएफ-२ चे दोन रेणू एकत्र येऊन या क्रमाच्या दुपेडी भागाला चिकटतात. टेलोमिअरच्या अगदी शेवटी डीएनएचा एकच पेड पुढे आलेला असतो. तो मागे वळून दुपेडी भागात शिरतो व फास तयार होतो, हे १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसून आले. टीआरएफ-२ या फासाच्या निर्मितीस मदत करते. टोक अशा रीतीने आत दडल्यामुळे दुरुस्ती यंत्रणेला ते सापडत नाही.

हे प्रथिन १९९७ मध्ये ओळखले गेले. पुढील वर्षी न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठातील टिटिया द लांगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी कोशिकांतील त्याचे कार्य बंद पाडले. तेव्हा गुणसूत्रे टोकाशी टोक जुळून जोडली गेली. मात्र सांध्यांच्या जागी टेलोमिअरचा क्रम शिल्लकच होता. यावरून टोकाचे रक्षण केवळ त्या क्रमाच्या अस्तित्वाने होत नसून त्यावर बसलेल्या प्रथिनामुळे होते, हे स्पष्ट झाले. अशी जोडगुणसूत्रे कोशिका विभाजनाच्या वेळी दोन्ही बाजूंना ओढली जाऊन पुन्हा तुटतात. परिणामी कोशिका मरते, विभाजन थांबविते किंवा तिची जनुकीय घडी विसकटून ती कर्करोगाच्या मार्गाला लागू शकते.

गुणसूत्रांचे सांधे नेहमीच घातक नसतात. जुन्नरच्या दक्षिणेस लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यातील व खेड तालुक्यातील वनांचा समावेश असलेल्या भीमाशंकर अभयारण्यात भेकर हा लहान मृग आढळतो. धोक्याची चाहूल लागताच तो कुत्र्यासारखा भुंकतो. भारतीय भेकराच्या मादीच्या कोशिकेत केवळ ६ व नराच्या कोशिकेत ७ गुणसूत्रे असतात, असे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्यांत इतकी अल्प संख्या अन्यत्र ज्ञात नाही. त्याच्या जवळच्या चिनी भेकरात मात्र ती ४६ आहे. क्रमविकासाच्या ओघात अनेक गुणसूत्रे एकमेकांना जोडली जाऊन ही घट झाली असून काही सांध्यांच्या जागी टेलोमिअरच्या क्रमाचे अवशेष मिळाले आहेत. मानवाचे दुसरे गुणसूत्रही पूर्वजांतील दोन गुणसूत्रे जोडली जाऊन बनले आहे. त्यातील असाच अवशेष १९९१ मध्ये दाखविण्यात आला. वंशपरंपरेने टिकलेले असे स्थिर सांधे आणि टीआरएफ-२ च्या अभावी एकाच कोशिकेत एकदम होणारे अनिर्बंध सांधे यांत महत्त्वाचा फरक आहे. या प्रथिनाच्या अभावामुळे भेकराची गुणसूत्रे जुळली, असा त्याचा अर्थ नव्हे.

टीआरएफ-२ हे टीआरएफ-१, टिन-२, टीपीपी-१, पॉट-१ व रॅप-१ यांच्यासह सहा प्रथिनांच्या एका संचात कार्य करते. या संचाला २००५ मध्ये शेल्टेरिन हे नाव देण्यात आले. टिन-२ च्या जीनमधील उत्परिवर्तनांमुळे अस्थिमज्जा निकामी होणारा आनुवंशिक रोग होतो, तर पॉट-१ मधील काही उत्परिवर्तने मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाची कौटुंबिक प्रवणता वाढवितात. उंदराच्या भ्रूणीय मूलकोशिका टीआरएफ-२ वाचूनही गुणसूत्रांची टोके सुरक्षित ठेवू शकतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यामुळे टोकांच्या रक्षणाची पद्धत कोशिकेच्या विकासावस्थेनुसार बदलते, असे दिसते.