निवड आणि विश्वास : मर्सिडीझ लॅकी यांच्या व्हॅल्डेमार-मालिकेतील अश्व आणि कुमारी नायिका

‘रंजनवाङ्मय’ म्हणून बाजूला सारल्या गेलेल्या साहित्याचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा दोन टोकांना जाते. एक तर अशा साहित्याची दखलच घेतली जात नाही. आणि घेतलीच, तर ‘वाचकाच्या अतृप्त इच्छांची पूर्ती’ या एका सूत्रात त्याची बोळवण केली जाते. मराठीत या वृत्तीला इतिहासही आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या आरंभीच्या कादंबऱ्यांना लावले गेलेले ‘अद्भुतरम्य’ हे विशेषण हरिभाऊ आपट्यांच्या वास्तवदर्शी कादंबरीनंतर वर्णनापेक्षा आक्षेपाचे वाहक झाले. अद्भुत म्हणजे वास्तवापासून पळ, हे समीकरण तेव्हापासून फारसे तपासले गेलेले नाही.

प्रस्तुत निबंधात हे समीकरण एका अमेरिकन मालिकेच्या आधारे तपासावयाचे आहे. मर्सिडीझ लॅकी यांची ‘ॲरोज ऑफ द क्वीन’ (१९८७), ‘ॲरोज फ्लाइट’ (१९८७) आणि ‘ॲरोज फॉल’ (१९८८) ही कादंबरीत्रयी न्यूयॉर्कच्या ‘डॉ बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. व्हॅल्डेमार या कल्पित राज्यावरील दीर्घ मालिकेचा आरंभ तिच्यापासून झाला. अतींद्रिय शक्ती, शुभ्र अश्व आणि तेरा वर्षांची नायिका असा तिचा ऐवज आहे. इच्छापूर्तीच्या आरोपाला याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण. आणि म्हणूनच ते येथे घेतले आहे.

१. परंपरेतील स्थान

या त्रयीमागे इंग्रजी साहित्यातील दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह अश्वकथेचा. ॲना स्यूएल यांच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) या कादंबरीत घोडा स्वतःची कहाणी स्वतः सांगतो, आणि मुक्या जनावराच्या वेदनेला वाचा मिळते. एनिड बॅग्नॉल्ड यांच्या ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ (१९३५) मध्ये चौदा वर्षांची मुलगी पुरुषवेष धारण करून ‘ग्रँड नॅशनल’ ही शर्यत जिंकते. येथे घोड्याच्या द्वारा मुलीला तिच्यासाठी बंद असलेल्या क्षेत्रात प्रवेश मिळतो. मात्र हा प्रवेश चोरून मिळविलेला असल्याने जिंकूनही ती अपात्र ठरते.

दुसरा प्रवाह सहचर-प्राण्याच्या अद्भुतकथेचा. ॲन मॅकॅफ्री यांच्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ (१९६८) पासून मनुष्य आणि ड्रॅगन यांच्यातील आजन्म मानसिक बंधाची कल्पना रूढ झाली. त्याच लेखिकेच्या ‘ड्रॅगनसाँग’ (१९७६) मधील मेनॉली ही संगीताला बंदी असलेल्या घरातून पळून जाते आणि पुढे गायकवादकांच्या संघात स्थान मिळविते. लॅकी यांच्या नायिकेशी तिचे साम्य उघड आहे. लॅकी यांनी ड्रॅगनच्या जागी अश्व आणला, हा बदल वरवर किरकोळ वाटतो, तथापि तो अर्थपूर्ण आहे. ड्रॅगन कोणी पाहिलेला नाही; घोडा पाहता येतो, त्याला हात लावता येतो, त्याला खरारा करता येतो. अद्भुताचे एक टोक त्यामुळे स्पर्शाच्या अनुभवाशी बांधले जाते.

२. कथानकाचा आराखडा

टॅलिया ही सरहद्दीवरील ‘होल्डरकिन’ नावाच्या जमातीतील मुलगी. या जमातीत पुरुष अनेक विवाह करतात. मुलींनी आज्ञाधारकपणे काम करावे आणि तेराव्या वर्षी विवाह किंवा देवीची सेवा यांपैकी एक पत्करावे, असा दंडक आहे. घरातील स्त्रियांसमोर ही निवड ठेवली जाते, तेव्हा आपल्याला ‘हेरल्ड’ व्हावयाचे आहे असे टॅलियाच्या तोंडून निघून जाते आणि ती घरातून पळ काढते. हेरल्ड म्हणजे राज्याचे दूत, न्यायदाते आणि प्रसंगी सैनिक. प्रत्येक हेरल्डची निवड ‘सहचर’ करतो. हे सहचर दिसण्यात अश्व : शुभ्र वर्ण, निळे डोळे, रुपेरी खूर. परंतु त्यांची बुद्धी मानवाहून उणी नाही.

वाटेत रोलन नावाचा सहचर टॅलियाला भेटतो. तो हरवला असावा आणि त्याला राजधानीत परत पोचविणे आपले कर्तव्य आहे, अशी तिची समजूत होते. वास्तविक त्याने तिची निवड केलेली असते. हेवन या राजधानीत पोचल्यावर तिला हे कळते. इतकेच नव्हे, तर राणी सेलेने हिची खास हेरल्ड, म्हणजे राणीला निर्भयपणे सत्य सांगणारी विश्वासू सहायक, या पदासाठी ती निवडली गेली आहे. बिघडलेल्या राजकन्येला, एल्स्पेथला, वळण लावणे हे तिचे पहिले काम ठरते. दुसऱ्या खंडात क्रिस या ज्येष्ठ हेरल्डसोबत तिची उत्तरेकडील उमेदवारी आहे. तिसऱ्या खंडात शेजारच्या हार्डॉर्न राज्यातील शिष्टाईचा घात होतो, क्रिस मारला जातो आणि टॅलिया बंदिवासात छळ सोसते. शीर्षकातील बाण ही हेरल्डांची सांकेतिक भाषा आहे. रोलन तो संदेश घेऊन परततो.

३. अश्वाचे कार्य

या कथेत अश्वाची तीन कार्ये दिसतात. पहिले गतीचे. चार भिंतींत वाढलेल्या मुलीचे जग रोलनच्या पाठीवर बसताच विस्तारते. दुसरे बळाचे. तिच्या देहाला नसलेले सामर्थ्य तिला सोबतीने मिळते. ही दोन्ही कार्ये जुन्या अश्वकथेतही आहेत. तिसरे कार्य मात्र लॅकी यांच्या मालिकेचे वैशिष्ट्य होय : येथे अश्व साक्षीदार आहे. त्याची निवड म्हणजे योग्यतेचे प्रमाणपत्र. आणि ज्या मुलीला स्वतःची योग्यता ठाऊक नाही, किंबहुना आपण अयोग्य आहोत असेच जिला शिकविले गेले आहे, तिच्या पदरात ते पडते.

‘नॅशनल व्हेल्व्हेट’शी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथे मुलीला वेषांतर करावे लागते. टॅलियाला मात्र आहे तशी स्वीकारले जाते. अट एवढीच, की हा स्वीकार तिला स्वतःला पटला पाहिजे. आणि नेमके तेच तिला जमत नाही. रोलनची निवड झाल्यानंतरही ती दीर्घकाळ कोणावर विसंबत नाही. विद्यालयातील काही विद्यार्थी तिचा छळ करतात, तो गोठत्या नदीत ढकलून देण्याच्या थराला जातो. परंतु ती वडीलधाऱ्यांकडे तक्रार करीत नाही. तक्रार केल्याने काही होत नाही, हे तिने घरी शिकलेले असते. निवड एका क्षणात होते, विश्वासाला मात्र वर्षे लागतात. पहिल्या खंडाची खरी घडण या अंतरातून झाली आहे. जेडस या वृद्ध, पंगू हेरल्डच्या खोलीची झाडलोट करता करता तिला त्याच्याशी बोलता येऊ लागते, हा प्रसंग कथानकाच्या दृष्टीने गौण. परंतु या अंतराचे मोजमाप करण्यास युद्धप्रसंगांहून तो अधिक उपयोगी आहे.

येथे आणखी एक तपशील लक्षात घ्यावा लागतो. मालिकेतील पुढील नायकनायिकांचे सहचर त्यांच्याशी मनोमन शब्दांत बोलतात. टॅलिया आणि रोलन यांचा संवाद मात्र प्रामुख्याने भावनांच्या पातळीवर राहतो. बोलणारा घोडा उपदेशक होण्याचा धोका असतो. रोलनच्या मौनामुळे तो टळतो.

४. अतींद्रियाची शिस्त

तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये ‘फँटास्टिक’ची जी व्याख्या केली, तीत वाचकाचा संभ्रम मध्यवर्ती आहे : घडले ते नैसर्गिक की अलौकिक? व्हॅल्डेमारच्या जगात हा संभ्रम नाही. तेथे मनाने बोलणे, दूरचे पाहणे, वस्तू हलविणे या ‘देणग्या’ आहेत; त्यांची परीक्षा होते, प्रतवारी होते आणि त्यांचे शिक्षण दिले जाते. टॅलियाच्या काळातील व्हॅल्डेमारला मंत्रविद्या ठाऊक नाही. ती दंतकथेपुरती उरली आहे. म्हणजे या त्रयीतील अलौकिक मनाच्या शक्तींपुरते मर्यादित आहे. तिला ‘जादूची कथा’ म्हणण्यापेक्षा ‘अतींद्रिय शक्तींची कथा’ म्हणणे अधिक नेमके, ते याच कारणाने.

टॅलियाची देणगी भावसंवेदनाची : दुसऱ्याच्या भावना जाणणे आणि आपल्या भावना दुसऱ्याच्या मनात उतरविणे. दुसऱ्या खंडात या देणगीचे संकटात रूपांतर होते. तिने राजकन्येचे मन आपल्या शक्तीने वळविले, अशी कुजबुज दरबारात सुरू होते. ही कुजबुज क्रिसकडून तिच्या कानी येते आणि तिच्या मनात प्रश्न उभा राहतो : एल्स्पेथचा स्नेह मी मिळविला, की निर्माण केला? या प्रश्नाचे उत्तर आतून देता येत नाही. आत्मविश्वास ढळताच शक्तीवरील ताबा सुटतो. तिची भीती आणि संशय सभोवतालच्या माणसांत उतरतात, आणि त्यांची प्रतिक्रिया पुन्हा तिच्यावर आदळते. बर्फवृष्टीने वेढलेल्या आश्रयगृहात तिघेचौघे जीव अडकून पडलेले असताना हे घडते. तिच्या देणगीचे योग्य शिक्षण कोणी दिलेच नव्हते, हेही पुढे उघड होते.

इच्छापूर्तीचा सिद्धान्त या ठिकाणी अपुरा पडतो. सर्वांच्या मनातले कळावे, सर्वांनी आपल्यावर प्रेम करावे, ही एकाकी मुलीची इच्छा पहिल्या खंडाने पूर्ण केली. दुसरा खंड तिच्यावरच खटला भरतो. दुसऱ्याच्या मनावर चालणारी सत्ता, ती प्रेमातून आलेली असली तरी, सत्ताच असते. शिक्षक, पालक, लेखक यांच्याही बाबतीत हा प्रश्न लागू पडतो. वयात येणाऱ्या वाचिकेपुढे तो अशा रूपात मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

५. कथेतील वाचिका

त्रयीच्या आरंभी टॅलिया झाडाखाली बसून हेरल्ड व्हॅनिएलच्या पराक्रमाची कथा वाचीत असते. घरातील माणसांच्या दृष्टीने हे वाचन निरुपयोगी, किंबहुना घातक. त्यांचे निदान एका अर्थी बरोबरच ठरते, कारण वाचनानेच तिच्या मनात दुसऱ्या जीवनाची शक्यता रुजविली आहे. टोल्किन यांनी अद्भुतकथेवरील आपल्या १९३९ च्या व्याख्यानात कैद्याची सुटका आणि रण सोडून पळणाऱ्या सैनिकाचे पलायन यांत भेद केला होता. टॅलियाचे वाचन पहिल्या प्रकारात मोडते.

पुढे लॅकी यांनी व्हॅनिएलवरच ‘मॅजिक्स पॉन’ (१९८९), ‘मॅजिक्स प्रॉमिस’ (१९९०) आणि ‘मॅजिक्स प्राइस’ (१९९०) ही त्रयी लिहिली. दंतकथेतील हा वीर तेथे भयभीत, एकाकी, समलिंगी तरुण म्हणून भेटतो. टॅलियाने वाचलेली कथा आणि ही त्रयी शेजारी ठेवल्यास आख्यायिका जीवनाला किती गुळगुळीत करते ते दिसते. मालिका या रचनाप्रकाराचे हे खास सामर्थ्य आहे : नंतरचा खंड आधीच्या खंडाचा वाचक होऊ शकतो.

६. मर्यादा

या मालिकेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. होल्डरकिन जमातीचे चित्रण एकरंगी आहे. तेथील स्त्रिया त्या व्यवस्थेत कशा जगतात, तिच्याशी तडजोड का करतात, याचा शोध लेखिका घेत नाही. नायिकेला घर सोडणे सोपे जावे, एवढ्यापुरते ते घर काळे रंगविले आहे.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. व्हॅल्डेमारमध्ये राजपद हेरल्डलाच मिळते. आणि सहचराची निवड सहसा चुकत नाही, अशी या जगाची धारणा आहे. त्यामुळे सत्तेच्या अधिष्ठानाचा प्रश्न नैतिक अश्वाच्या हाती सोपवून मोकळे होता येते. टॅलियाच्या मुक्तीलाही हाच पेच लागू आहे. बापाच्या घरी तिच्यासाठी इतर निवडत होते. रोलननेही तिला निवडलेच, तिला विचारले नाही. ही निवड मंगल आहे, म्हणून ती स्वातंत्र्य ठरते काय?

विशेष म्हणजे हा प्रश्न मालिकेनेच पुढे उचलला. ‘विंड्स ऑफ फेट’ (१९९१) मध्ये वयात आलेली एल्स्पेथ ही नायिका आहे. आपला प्रवास आपल्या सहचरीने, ग्वेनाने, आधीच आखलेल्या मार्गाने चालला आहे हे ध्यानात येताच ती तो मार्ग नाकारते आणि स्वतः ठरविलेल्या दिशेने जाते. सहचरीवरील प्रेम न तोडता तिने दिलेला हा नकार टॅलियाच्या कथेला मिळालेले उशिराचे उत्तर होय.

७. समारोप

अशा मालिकांच्या अध्यापनात ‘हे वास्तव आहे काय’ या प्रश्नाने आरंभ केल्यास हाती काही लागत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. अद्भुताने नायिकेला काय दिले? त्या देणगीची परीक्षा कथेने कोठे घेतली? आणि कोणता प्रश्न विचारण्याचे कथेने टाळले? पहिल्या प्रश्नाशी थांबणारा वाचक इच्छापूर्तीचा निष्कर्ष काढील. दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्याला विश्वास आणि सत्ता यांचा ताण दिसेल. तिसरा प्रश्न मालिकेच्या जगाची सीमा दाखवितो, आणि ती सीमा पुढील खंडात सरकली की नाही हे पाहण्यास भाग पाडतो.

तेरा वर्षांच्या मुलीला कोणीतरी येऊन निवडावे, ही इच्छा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जिला कोणी कधी विचारलेले नाही, तिच्या मनात स्वातंत्र्याची कल्पना प्रथम याच रूपात येण्याचा संभव अधिक. या इच्छेला नकाराच्या अधिकारापर्यंत नेण्यास लॅकी यांना आणखी एक नायिका आणि चार वर्षे लागली. मालिका सलग वाचणाऱ्यालाच हा प्रवास दिसतो. सुटा खंड वाचून निकाल देणाऱ्या समीक्षेच्या तो हाती लागत नाही.