मानवी इंटरफेरॉनची जिवाणूंकरवी निर्मिती

विषाणूचा शिरकाव झालेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारे एक प्रथिन स्रवते. १९५७ साली लंडन येथे आयझॅक्स व लिंडनमन या शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावून त्यास ‘इंटरफेरॉन’ हे नाव दिले. इतर प्राण्यांचे इंटरफेरॉन माणसास सहसा उपयोगी पडत नाही. त्यामुळे हेलसिंकी येथे कँटेल यांना ते रक्तदात्यांच्या श्वेतपेशींपासून मिळवावे लागे. पुष्कळ रक्तातून हाती येई ते अत्यल्प व अशुद्ध. १९८० साली झुरिच येथील वाइसमन यांच्या गटाने मानवी इंटरफेरॉनचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातले व त्याजकडून हे प्रथिन तयार करून घेतले. विरजणातील जिवाणूंप्रमाणे हे जिवाणूही झपाट्याने वाढत असल्याने शुद्ध प्रथिन विपुल मिळू लागले. परिणामी प्रतिकारशक्तीचे कार्य प्रयोगशाळेत पडताळणे सुलभ झाले. १९८६ साली अमेरिकेत एका प्रकारच्या रक्तकर्करोगावरील औषध म्हणून त्यास मान्यताही मिळाली.