वाढदिवस आणि मूठभर चिंचोके

मुलाचा वाढदिवस ही पूर्वी घरातल्या घरात आटपणारी गोष्ट होती. सकाळी तेल लावून आंघोळ, नवा सदरा, पाटाभोवती रांगोळी, सुपारी आणि अंगठी ओवाळून औक्षण, दुपारी शेवयांची खीर आणि संध्याकाळी देवळात जाऊन नमस्कार. संपला वाढदिवस! हल्ली तो महिनाभर आधी सुरू होतो. हॉल ठरवायचा, केकचा आकार ठरवायचा, फुग्यांची कमान, जादूगार, मुलांना खेळवण्यासाठी पैसे देऊन बोलावलेली उत्साही तरुण मंडळी, आणि या सर्वांवर कळस म्हणजे प्रत्येक लहान पाहुण्याच्या हातात निघताना ठेवायची ‘रिटर्न गिफ्ट’. ही शेवटची वस्तू ज्याने कुणी शोधून काढली, त्याला मध्यमवर्गाचे मन नेमके कळले असले पाहिजे. आलेल्या भेटीचे ओझे लगोलग फेडल्याचे समाधान तिच्यात आहे. आणि पुढचे आमंत्रण देण्याचे ओझे समोरच्याच्या खांद्यावर अलगद ठेवणेही आहे.

हे ओझे मोठ्यांपुरते राहिले असते तर मी लिहायला बसले नसते. गेल्या वर्षी आमची धाकटी नऊ वर्षांची होणार होती. पाहुण्यांची यादी करताना वर्गातल्या एका मुलाचे नाव तिने लिहिले आणि पेन्सिलीने खोडून टाकले. भांडण झाले असेल म्हणून विचारले, तर म्हणाली, “नाही गं, तो येणारच नाही. त्याचा वाढदिवस करत नाहीत ना, म्हणून त्याची आई म्हणते, आपणही कुणाकडे जायचं नाही.” त्याच्या वडिलांचा कारखाना बंद पडल्याचे कानावर होते. नोकरी गेली की खर्चाला कात्री लागते हे आपल्याला कळते. पण तिसरी-चौथीतल्या पोराचे मित्रांकडचे येणेजाणेही त्या कात्रीत सापडते, हे मला तेव्हा कळले.

मग आम्ही घरात बसून ठरवले की, यंदा असे काही करायचे, जे बघून कुठल्याही आईला वाटावे, ‘एवढंच ना? हे आपल्याकडेही होईल.’ आमंत्रणाच्या कागदावर लेकीने वळणदार अक्षरात लिहिले : ‘येताना भेटवस्तू आणू नये. चार चिंचोके किंवा दोन बटणे आणावीत.’ आमच्या वन्संना हे काही रुचले नाही. “लोक म्हणतील, प्रोफेसरीणबाई पैसे वाचवतात!” म्हणाल्या. मी म्हटले, वाचवतेच आहे, लोकांनी खुशाल म्हणावे. खोडलेल्या नावाच्या घरी मात्र मी स्वतः जाऊन आले. त्याच्या आईने आमंत्रणाचा कागद दोनदा वाचला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, “आई, चिंचोके आहेत का हो आपल्याकडे?”

बारा मुले, दोन खोल्या आणि वरची गच्ची, वेळ चार ते सहा. खेळ ठरवताना मी एकच कसोटी लावली : पहिल्या पाच मिनिटांत ‘बाद’ होऊन कुणी भिंतीशी बसता कामा नये. संगीत खुर्चीचेच पाहा. बारा मुलांसाठी अकरा खुर्च्या. एका फेरीला दोन मिनिटे धरली तरी जो पहिला बाद होतो, तो पुढची वीस मिनिटे इतरांची मजा बघत बसतो. बाद कोण होते? बहुधा जो लाजाळू असतो, ज्याला रेटारेटी जमत नाही, तोच. म्हणजे ज्याला खेळाची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला खेळ कमी! आम्ही खुर्च्यांऐवजी वर्तमानपत्रे घेतली. सहा सहांचे दोन गट. गाणे थांबले की सगळ्या गटाने आपल्या कागदाच्या होडीवर उभे राहायचे. प्रत्येक फेरीला होडीची एकेक घडी घालायची. चार जोडपाने, मग तीन, मग दोन. मुलगा एकही कमी होत नाही, होडी मात्र लहान होत जाते. शेवटी सहाजण एका पानावर एकमेकांना कवटाळून, एकेका पायावर, हसून हसून लाल झालेले. जो सर्वांत अंगाने बारीक आणि म्हणून खोखोत कुणी न घेतलेला, त्याला इथे खांद्यावर घ्यायला दोघे तयार!

धावपळीनंतर बसण्याचा खेळ हवा, नाहीतर खालच्या मजल्यावरून निरोप येतो. पितळी ताटात वीस वस्तू मांडून ताट एक मिनिट दाखवायचे, मग पंचाने झाकून काय काय होते ते आठवायचे. हा खेळ किपलिंगच्या १९०१ सालच्या ‘किम’ या कादंबरीत आहे. तिथे सिमल्याच्या एका दुकानात किमच्या पुढे ताटात रत्ने ठेवतात. पुढे बेडन-पॉवेलने १९०८ च्या आपल्या बालवीरांच्या पुस्तकात तो घेतला आणि जगभरच्या स्काऊटांत तो पसरला. आमच्या ताटात रत्ने नव्हती. जायफळ, हळकुंड, सुपारी, दालचिनी, बिब्बा, दोऱ्याचे रीळ, कडीची किल्ली अशी गृहस्थी रत्ने होती. गंमत अशी की, मुलांना वस्तू आठवत होत्या, पण नावे येत नव्हती. हळकुंडाला ‘पिवळं लाकूड’ आणि जायफळाला ‘लाकडी अंडं’ अशी नावे मिळाली. ती मी बरोबर धरली. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या बाईने नव्या शब्दांना नाही म्हणू नये.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर वाक्प्रचारांच्या चिठ्ठ्यांचे सांगते. टोपलीतून चिठ्ठी उचलायची आणि तोंडाने अक्षर न काढता आपल्या गटाला ती ओळखायला लावायची. ‘पोटात कावळे ओरडणे’, ‘कानाला खडा लावणे’, ‘हातावर तुरी देणे’, ‘नाकाने कांदे सोलणे’. यांतले अर्थ मुलांना ठाऊक असतात असे नव्हे. बारांतली नऊ मुले इंग्रजी शाळेची. पण मराठी वाक्प्रचारांचे बरे असे की, त्यांत चित्रच असते. एक मुलगी तडक स्वयंपाकघरात गेली, कांदा घेऊन आली आणि जमिनीवर बसून तो खरोखरच नाकाने सोलू लागली. तिच्या गटाने वाक्प्रचार ओळखला आणि वर विचारले, “पण असं करतं कोण?” मग अर्थ सांगावा लागला, आणि तो पटल्यावर लगेच वर्गातल्या दोघातिघांची नावे निघाली. वर्गात एक तास घालवून जे साधत नाही, ते त्या एका कांद्याने साधले. सर्वांत जास्त चिठ्ठ्या कुणी ओळखल्या? आमच्या त्या चिंचोकेवाल्या पाहुण्याने. त्याच्या घरी आजी आहे ना! आजीच्या घरातल्या मुलाला हे सारे जेवणाच्या ताटावरच मिळालेले असते. एरवी तोंडातून शब्द न फुटणारा हा मुलगा ‘तोंडाला पाने पुसणे’ करून दाखवताना कढीलिंबाची डहाळी मागायला आला, तेव्हा त्याच्यामागे पाचजण होते.

पण दिवस गाजवला तो अष्टाचम्म्याने. कुणाकडे याला चल्लसआठ म्हणतात. पाच बाय पाचची पंचवीस घरे. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुली. बाहेरची सोळा घरे एका दिशेने, मग आतली आठ उलट दिशेने आणि शेवटी मधले घर. फुलीच्या घरात कुणी कुणाला मारायचे नाही. फासे म्हणून चार चिंचोके, एका बाजूने पांढरे होईतो दगडावर घासलेले. घासल्यावर चिंचोका चांगला तापतो आणि दुसऱ्याच्या दंडाला लावला की चटका बसतो, हा शोध दर पिढीला नव्याने लागतो. आमच्याकडे तो साडेचारला लागला. जितके पांढरे वर तितकी घरे. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ, आणि या दोहोंना आणखी एक डाव. लेकीच्या थोरल्या भावाने इथे हिशेब मांडला : चार चिंचोके सोळा तऱ्हांनी पडू शकतात, त्यांत दोन पडण्याच्या सहा, एक किंवा तीन पडण्याच्या चार चार, आणि चाराची व आठाची एकेकच. चिंचोके गणिताच्या पुस्तकातले नसल्यामुळे ते हिशेबाला पुरते बांधलेले नसतात; पण ‘आठ का पडत नाही?’ या रडगाण्याला एवढे उत्तर पुरले.

पट आम्ही गच्चीवर खडूने आखला, एकेक घर दोन फुटांचे, आणि सोंगट्या म्हणून मुलेच उभी केली. फतेहपूर सिक्रीच्या अंगणात दगडात आखलेला पचिशीचा पट आहे. अकबर त्यावर जिवंत माणसांच्या सोंगट्या करून खेळे असे सांगतात. आमचे अकबर तीन तीनांच्या चार गटांत होते : एक सोंगटी, एक चिंचोके टाकणारा, एक सल्लागार, दर डावाला अदलाबदल. या जुन्या खेळातली एक गोष्ट मला त्या दिवशी नव्याने दिसली. इथे सोंगटी मारली तरी ती पटाबाहेर जात नाही. ती आपल्या घरी परत येते आणि पहिल्यापासून चालू लागते. चार वेळा मार खाल्लेली सोंगटी पाचव्या खेपेला मधल्या घरात पोहोचते. दिवाणखान्यातल्या साहेबी खेळांपेक्षा मला आपला हा ओसरीवरचा खेळ अधिक माणुसकीचा वाटतो. आणि हे मी अभिमानाच्या भरात म्हणत नाही, बारा मुलांकडे बघून म्हणते.

बक्षिसे ठेवली नाहीत. जिंकलेल्या गटाने बेसनाचे लाडू वाटायचे, हाच मान. निघताना प्रत्येकाला एक कागदी पुडी दिली : चार घासलेले चिंचोके, चार बटणे आणि घडी घातलेल्या तपकिरी कागदावर आखलेला पट.

या पुडीचे पुढे काय होते, याची मला उत्सुकता होती. बहुतेक पुड्या कपाटांच्या तळाशी गेल्या असतील. पण फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो मुलगा दारात उभा. “काकू, पटाचा कागद आहे का आणखी? आमचा आजीने पिठाच्या डब्याखाली घातला.” त्याचा वाढदिवस होता. सहा मुले, एक खोली, खिचडी आणि शिरा. पट जिन्याच्या चौकात आखला होता. लेक परत आली ती नवा नियम घेऊन : ज्याला आठ पडेल, त्याने एक वाक्प्रचार करून दाखवायचा, तरच दुसरा डाव. नियम आजीचा होता, आणि आजी स्वतः दोन डाव खेळली होती.

आता थोडे कामाचे. हे सारे फुकट होत नाही. पैसे वाचतात, वेळ मात्र जातो. आमच्या चार संध्याकाळी गेल्या आणि चिंचोके घासून ह्यांची बोटे सोलवटली. ज्या घरी आईबाप रात्री आठला परततात, त्यांनी एकच खेळ करावा, आणि तो मुलांकडूनच करवून घ्यावा. पट आखण्यात खेळण्याइतकीच मजा असते. पाहुण्यांबरोबर तीनचार वर्षांची भावंडे येणार असतील, तर चिंचोके आणि बटणे त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. ती नाकातोंडात जातात. त्यांना वेगळे बसवून बटाट्याचे ठसे आणि रंग द्यावेत. बारांहून जास्त मुले बोलावू नयेत. आणि घरातल्या मोठ्यांपैकी एकाने तरी फोन बाजूला ठेवून खेळायला बसावे, फोटो नंतर निघतात.

यंदा लेक दहा वर्षांची होईल. तिला पाच घरांचा पट आता लहान वाटतो, सात बाय सातचा हवा आहे. एकोणपन्नास घरे, दोन दोन फुटांची, म्हणजे चौदा फूट. काल ती टेप घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत मोजून आली. जागा तेरा फूट भरली. घर पावणेदोन फुटांचे करावे, की टाकीला वळसा घालून पट वाकडा आखावा, यावर दोन्ही भावंडांत वाद चालू आहे.