वाशिष्ठीच्या कांठीं तीन दिवस

कोंकणचा प्रवास करून आलेला मनुष्य समुद्राविषयीं बोलतो, देवळांविषयीं बोलतो, आणि जेवणाविषयीं तर हटकून बोलतो. परंतु ज्या बाजारपेठेवर आसपासच्या खेड्यांचा मीठमिरचीपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सर्व व्यवहार चालतो, तिच्याकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. रत्नागिरी जिल्ह्यांतील चिपळूण ही अशीच पेठ आहे. गुहागरास किंवा परशुरामास जाणारे पुष्कळजण येथें गाडी बदलण्यापुरते उतरतात. आम्ही मात्र एका फाल्गुनांत मुद्दाम तीन दिवस तेथें राहिलों. तेथें जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट उतरून गेलें म्हणजे डोंगरांच्या कुशींत, वाशिष्ठी नदीच्या कांठीं हें गांव लागतें. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलें पाणी ह्याच नदींत येत असल्यामुळें ती भर उन्हाळ्यांतहि वाहती असते. पूर्वीं दाभोळच्या खाडींतून गलबतें गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येत, आणि पुढें बैलांच्या पाठीवरून माल घाटावर चढे. आज तें काम रेल्वेनें व मुंबई-गोवा रस्त्यानें घेतलें आहे. तथापि गांवाचा पेठेचा स्वभाव पालटलेला नाहीं.

पहिल्याच सकाळीं, ज्यांच्याकडे आमचें बिऱ्हाड होतें त्या काकूंबरोबर आम्ही बाजारांत गेलों. कुवरे फणस, आमसुलें, कुळीथ, नाचणी, गतवर्षींच्या आंबापोळ्या असा सारा थाट मांडलेला होता. एके बाजूस बायका ओले काजू घेऊन बसल्या होत्या. हे काजू शेकड्यावर मोजून विकतात. भाव ऐकून मी घासाघीस करूं लागलों, तोंच काकू हलकेच म्हणाल्या, "आधीं तिच्या बोटांकडे पाहा, मग भाव करा." काजूच्या सालींत एक दाहक तेल असतें. तें लागून त्या बाईच्या बोटांची कातडी सोलवटली होती. मीं मुकाट्यानें सांगितली ती किंमत दिली.

दुपारीं त्याच काजूंची उसळ, फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, कुळथाचें पिठलें आणि आमसुलाचें सार पानांत आलें. इतक्या सुगरण गृहिणीच्या फळीवर लोणच्याची एकच जुनी बरणी कशी, असें माझ्या पत्नीनें सहज विचारलें. काकूंनीं हात उंच करून भिंतीकडे दाखविलें. "येथवर पाणी होतें. तेवढी एक राहिली." २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठी गांवांत शिरली, त्या दिवसाची ती गोष्ट होती. वर्षाची बेगमी आणि सासूबाईंनीं जपलेल्या बरण्या, सर्व गेलें. १८६४ सालीं स्थापन झालेल्या येथील वाचनालयाचे, म्हणजे आजच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे, ग्रंथहि २००५ आणि २०२१ ह्या दोन्ही पुरांत भिजले. परंतु वाचनालय पुन्हां उभें राहिलें, आणि काकूंची चूलहि पेटली.

दुसरे दिवशीं गोवळकोटच्या धक्क्यावरून आम्ही होडींत बसलों. थोडें अंतर गेल्यावर चिखलाच्या कांठावर ओंडक्यासारखें कांहींतरी दिसलें. ती मगर होती. तिनें जबडा पूर्ण उघडलेला पाहून आमच्या धाकट्यानें भीतभीत विचारलें, "ती आपल्याला खाणार का?" नावाडी हंसला. "नाही रे बाळा, डोकं तापलं की ती आ वासून बसते." त्याचें म्हणणें शास्त्रास धरूनच होतें. मगरीच्या शरीरांत आपल्याप्रमाणें ऊब टिकत नाहीं. म्हणून ती उन्हांत पडून अंग तापविते, आणि ऊब अधिक झाली कीं तोंडावाटे ती बाहेर टाकते. अंडीं ती कांठच्या मातींतच पुरते. १९७२ च्या कायद्यानें तिला संरक्षण आहे. पण कांठ राहिला नाहीं तर नुसत्या कायद्याचा तिला काय उपयोग?

हा प्रश्न पोकळ नव्हे. पुरानंतर नदींतील गाळ उपसण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. ज्यांचीं घरें बुडालीं त्यांची ती मागणी अगदीं रास्त होती. नावाडी म्हणाला, "गाळ काढायलाच हवा, माझंहि घर बुडालं होतं. पण सगळेच कांठ कापून सरळ केले, तर हिनं ऊन कुठं खायचं?" दोन्ही बाजू एकाच माणसाच्या तोंडून ऐकून आम्ही निरुत्तर झालों.

ह्याचें थोडेंसें उत्तर चिपळूणकरांनींच दुसऱ्या ठिकाणीं दिलें आहे. नाना फडणिसांच्या वेळास गांवीं समुद्री कासवांचीं अंडीं माणसें व कुत्रीं-कोल्हे पळवीत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' ह्या संस्थेनें २००२ पासून गांवकऱ्यांच्या मदतीनें तीं कुंपणांत राखण्याचें काम आरंभिलें. पिलें समुद्राकडे जातांना पाहावयास लोक येऊं लागले. ते गांवकऱ्यांच्या घरीं उतरूं लागले, त्यांच्या पंक्तीस जेवूं लागले. अशा रीतीनें कासव जगण्यांत घरच्या चुलीचाहि लाभ आहे हें गांवास दिसून आलें. मगरीच्या बाबतींतहि हेंच घडणें अशक्य नाहीं. होडीचें भाडें आणि पाहुण्यांचें जेवण यांवर चार घरें चालूं लागलीं, तर कांठाचा एखादा तुकडा तिच्यासाठीं राखून ठेवावा असें गांवालाच वाटेल.

निघतांना काकूंनीं आंबोशीच्या लोणच्याची एक लहान बरणी आमच्या हातीं दिली. "बरणी परत आणा हं," त्या म्हणाल्या. त्या निमित्तानें पुन्हां जाणें झालेंच पाहिजे. वाचकांनींहि चिपळुणास केवळ गाडी बदलण्यापुरतें न उतरतां दोन दिवस राहावें, तेथलें अन्न तेथल्याच घरीं जेवावें, आणि जेवून झाल्यावर नदीकडेहि एक फेरी मारावी.