पिवळा दिवा लागला म्हणजे काय पाहावें?

विहिरीवरील पंप बंद पडला असतां आपण आधीं फ्यूज पाहतों. एकदम नवा पंप आणीत नाहीं. नाशिककडील बागाइतदारांनीं पेट्रोलच्या मोटारीसही हाच न्याय लावावा, असें आम्ही सुचवितों.

टाकींतील पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यांत सांठते व विजेवर उघडणाऱ्या झडपेवाटे इंजिनांत जाऊन जळते. त्या झडपेचा वीजमार्ग बिघडला म्हणजे समोर पिवळा दिवा लागतो व तपासणी-यंत्र बहुधा ‘पी ०४४३’ किंवा ‘पी ०४४४’ हा अंक दाखवितें. दोष मार्गांत आहे, एवढेंच त्यावरून कळतें. झडपच गेली असें नव्हे.

इंजिन थंड असावें, विडीकाडी दूर असावी. प्रथम उंदरांनीं तारा कुरतडल्या काय तें पाहावें. नंतर झडपेचा जोड सोडून किल्ली फिरवावी व मीटरनें मोजावें. बहुतेक मोटारींत एका तारेवर सुमारें १२ व्होल्ट येतात. न आल्यास फ्यूज व ती तार तपासावी. वीज येत असल्यास झडपेच्या दोन टोंकांमधील रोध मोजावा. आंतील वेटोळें तुटलेलें आढळलें तर नवी झडप घ्यावी. तें शाबूत असल्यास संगणकाकडे जाणारी दुसरी तार पाहावी.

एवढें टिपून मग कारखान्याची वाट धरावी. म्हणजे तुटक्या तारेपायीं नव्या झडपेचे पैसे भरण्याची पाळी येणार नाहीं.