पोर वाया गेले नाही, दुखावले आहे

वस्तीतला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून येतो, घरातली भांडी फेकतो, आईला शिव्या देतो आणि तासाभराने तिच्याच मांडीवर डोके ठेवून रडतो. एखादी मुलगी ब्लेडने स्वतःचा हात कापून घेते. आम्ही काय म्हणतो? "पोर वाया गेले!" बाप कमरेचा पट्टा काढतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही कोणी मांत्रिकाकडे जातो. पण या पोराने लहानपणी काय भोगले, हे आम्ही विचारतो काय?

दारू पिऊन रोज मारणारा बाप, घरातच झालेला आणि अब्रूपायी दडपलेला लैंगिक अत्याचार, वर्गात जातीवरून झालेला अपमान, या जखमा वरून दिसत नाहीत. भीतीत वाढलेले मूल धोका नसतानाही धोका पाहते. जवळचे माणूस जरा दूर गेले तरी आपल्याला टाकले, असे त्याला वाटते. अमेरिकेतील डॉ. व्हिन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांच्या १९९८ च्या अभ्यासाने दाखवून दिले, की बालपणीचे आघात जितक्या अधिक प्रकारचे, तितके पुढे व्यसन, नैराश्य व आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण अधिक.

टोकाचा राग, आतला रिकामेपणा, स्वतःला इजा, आज जीव लावणे व उद्या तोडणे, हे किशोरवयात वर्षभर टिकले तर मानसोपचारतज्ज्ञ 'बॉर्डरलाइन' व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार करतात. प्रत्येक रागीट पोर रुग्ण नसते. प्रत्येक रुग्णाचे बालपण छळाचेच असते, असेही नाही. मात्र यावर उपचार आहेत. ती उपचारपद्धती उभी करणाऱ्या मार्शा लिनहान स्वतः सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात होत्या, स्वतःला जखमा करून घेत होत्या. २०११ साली त्यांनी हे जाहीरपणे सांगितले.

बाबासाहेबांनी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागल्याचा अपमान लपवला नाही, लिहून ठेवला. आम्ही मात्र आमच्या पोरांना गप्प बसवतो. त्यांचा राग आम्हाला मोर्चात हवा असतो. मोर्चा संपल्यावर पोरगा एकटाच घरी जातो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क दिला आहे. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार पोरांचे ऐकण्यासाठी ठेवू या. भाषण नको, उपदेश नको. फक्त ऐकू या. बांधवांनो, पट्टा खुंटीला टांगा आणि पोराला एकदा विचारा, "तुला काय झाले?"