स्मूदीचा दाटपणा फळातच असतो

दाट, मऊसूत स्मूदी हवी तर त्यात साय, क्रीम नाहीतर आइस्क्रीमचा गोळा हवाच, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर यातलं काहीच लागत नाही. लागतं ते सालीवर काळे ठिपके येईपर्यंत पिकलेलं आणि मग गोठवलेलं केळं. गोठलेला गर मिक्सरमध्ये वाटला की त्यातला बर्फ इतका बारीक होतो की जिभेला कण लागत नाही, आणि केळ्यातलं पेक्टिन पाणी धरून ठेवतं. शिवाय पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून वरून साखर घालायची गरज उरत नाही. कच्चट केळं मात्र घेऊ नका. त्याचा तुरटपणा कशानेच झाकत नाही.

केळं सालीसकट फ्रीजरमध्ये टाकू नये. साल काळी पडून गराला चिकटते आणि ती सोलताना नाकी नऊ येतात. आधी सोलून चकत्या करा, स्टीलच्या ताटलीत सुट्या सुट्या मांडून रात्रभर ठेवा, मग डब्यात भरा. सकाळी हव्या तेवढ्याच निघतात.

गोठवलेलं फळ असताना बर्फाचे खडे कशाला? ते वितळतात आणि पाच मिनिटांत ग्लासात वर फेस, खाली पाणी उरतं.

‘फळं आणि दूध एकत्र आलं की दूध फाटतंच’ हा समज अर्धाच खरा आहे. आपल्याकडे शिकरण पिढ्यान्‌पिढ्या होते, चिकूचं मिल्कशेकही होतं. ही फळं आंबट नाहीत. दूध फाटतं ते आंबटपणाने. आयुर्वेदानेही आंबट फळं दुधाशी विरुद्ध मानली आहेत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वापरायची असेल तर दुधाऐवजी दही घ्या. ते आधीच विरजलेलं असतं, त्यामुळे आणखी फाटायचा प्रश्न येत नाही.

पपई, अननस आणि किवीचं प्रकरण वेगळं. पपई आंबट नसूनही तिचं मिल्कशेक ठेवलं की कडू होतं. पपईतलं पपेन, अननसातलं ब्रोमेलेन आणि किवीतलं ॲक्टिनिडिन ही एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात, त्यातून कडवट चव येते. दह्यातही तेच होतं. म्हणून ही स्मूदी केल्या केल्या प्या, नाहीतर नारळाच्या दुधात करा. अननस शिजवून घेतला तर एन्झाइम निकामी होतं आणि ही अडचण राहत नाही.

महागडा ब्लेंडरही लागत नाही. आधी पाऊण वाटी दही, त्यावर वाटीभर स्ट्रॉबेरी, सगळ्यात वर दोन केळ्यांच्या गोठलेल्या चकत्या. मिक्सर सलग न फिरवता थांबून थांबून फिरवा. पातं नुसतंच गरगरायला लागलं की भांड्यात पोकळी झाली असं समजा. मिक्सर बंद करून चमच्याने ढवळा, दोन चमचे दही घाला. दोघांना पुरते.

शेवटचा समज म्हणजे मिक्सरमध्ये तंतुमय भाग नष्ट होतो. तो बारीक होतो, पण ग्लासातच राहतो. जातो तो गाळल्यावर. तेव्हा गाळू नका. पण फळांचीच आहे म्हणून कितीही प्यावी, हेही बरोबर नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नका असं सांगते. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच हा ग्लास त्यांच्या हाती द्या.